विहिरीच्या थारोळ्याला लागलेला पंखा

बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट दिसायला सरळ होता. ३८ मिलिमीटर जाडीचा, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा लांब, गोणपाटात गुंडाळून पिकअपमधून आणलेला. सोबत तीन पात्यांचा पितळी पंखा. त्यातल्या दोन पात्यांची टोकं कान पिरगाळल्यासारखी मुडपली होती. लॉंचचे मालक करमाळा तालुक्यातून, उजनी धरणाच्या काठावरून पहाटेच निघालेले. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं माझं शटर वर करत होतो तेव्हा ते दारात उभे होते.

"मिस्त्री, पाती तेवढी ठोकून सरळ करून द्या. दुपारपर्यंत झालं तर लई बरं. उद्या रविवार, लग्नाची तीन वऱ्हाडं पलीकडं न्यायचीत."

माझं रोजचं काम म्हणजे टॉवेलच्या लूमचे शाफ्ट आणि साखर कारखान्यांच्या पंपांचे बुश. बोटीचं काम वर्षातून पाच-सहा वेळा येतं, आणि येतं ते एप्रिल-मेमध्येच. कारण साधं आहे. सोलापुरात उन्हाळ्यात कुणालाही विचारा, उजनी मायनस किती ते तो सांगतो. धरणात साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं तळाचं सुमारे ६३ टीएमसी म्हणजे मृत साठा. पातळी त्याच्याखाली गेली की धरण मायनसमध्ये गेलं. आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही बरंचसं याच धरणातून भीमेत सोडलेलं. ते खाली येतं तसा वरचा फुगवटा आटत जातो, आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, बांध, झाडांचे बुंधे पाण्याच्या वीत-दीड वीत खाली येऊन थांबतात. मालक सांगत होते, की आठवड्यापूर्वी त्याच वाटेनं बोट बिनधास्त जात होती; आता तिथंच पंख्याला पाण्याखालचं काहीतरी ठोकरलं.

मी आधी पंख्याला हात लावला नाही. ठोकर बसल्यावर काय झालं ते नीट विचारलं.

"धाडकन आवाज आला. मी लगेच इंजिन बारीक केलं. मग तसंच हळूहळू काठावर आणलं. फळी थरथरत होती."

"आणि ग्लँडमधून पाणी?"

"जरा जास्त यायलंय. नट आवळला की थांबतं."

नट आवळून थांबणारं पाणी मला आवडत नाही. शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथं ग्लँडमध्ये चरबी लावलेल्या दोरीचे वेढे असतात. शाफ्ट गोल फिरत असेल तर दोरी शांत बसते. तो हेलकावे खात फिरत असेल तर दोरी एका अंगानं खाल्ली जाते. म्हणजे पाती मुडपली, एवढ्यावर गोष्ट थांबलेली नव्हती.

शाफ्ट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवला, मधोमध डायल गेज लावलं आणि हातानं सावकाश फिरवला. काटा ०.६ मिलिमीटर हलला. डोळ्याला हे कधीच दिसत नाही. मालकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं तर प्रेसवर निघंल की."

निघालंही असतं. पण माझी नजर पंखा बसतो त्या निमुळत्या भागावर होती. तिथं चावीची खाच असते, आणि इंजिनाचा सगळा जोर तिच्यातूनच पंख्यापर्यंत जातो. पंखा दगडाला अडला, की इंजिन फिरवू पाहतं आणि दगड सोडत नाही. तो पीळ खाचेच्या कोपऱ्यात येऊन बसतो. मी तो भाग पेट्रोलनं पुसला, तपासणीचा लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबलो, रंग पुसून काढला आणि वरून पांढरा फवारा मारला.

त्या पांढऱ्या भुकटीवर आधी काहीच नव्हतं. मग खाचेच्या कोपऱ्यातून केसाएवढी लाल रेघ उमटली आणि आमच्या डोळ्यांदेखत थोडी जाड होत गेली. भेगेत शिरलेला रंग असा वर येतो. शाफ्टाच्या घेराचा चौथा हिस्सा तरी तिनं गाठला होता.

मालकांनी बोट लावून पाहिलं. बोटाला काहीच लागलं नाही. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं.

मी त्यांना समजावून सांगितलं. हा शाफ्ट उद्या तुटेल किंवा महिन्यानं तुटेल, पण भर पाण्यात, ओझं असतानाच तुटेल. पंखा गेला की बोटीला जोर नाही, आणि मागं नीट पाणी जात नाही म्हणून सुकाणूही ऐकत नाही. वारा बोटीला आडवी करतो आणि लाटा कुशीवर येतात. शाफ्ट कपलिंगजवळ, म्हणजे तो गिअरबॉक्सला जोडतात त्या सांध्याजवळ, तुटून मागं सरकला तर तो ज्यातून बाहेर जातो त्या नळीचं भोक उघडं पडतं आणि पाणी आत येतं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. तिथं कारण वारा होतं, यंत्र नव्हे. पण त्या काठावर ती तारीख कुणाला आठवून द्यावी लागत नाही. मालकांनी खिशातून फोन काढला, बाहेर कडुलिंबाखाली जाऊन एकेक करून तिन्ही वऱ्हाडांना फोन लावले आणि रस्त्यानं वळसा घालून जा म्हणून सांगितलं. ऐन लग्नसराईतली कमाई होती ती. मला त्यांचा तेव्हा फार आदर वाटला. तो अजून आहे.

नवा शाफ्ट स्टेनलेसचा केला. ४० मिलिमीटरचा गज गावातच मिळाला, तो ३८ वर आणायला फार वेळ नाही लागला. वेळ खाल्ला तो टेपरनं, म्हणजे पंखा बसतो त्या निमुळत्या भागानं. जुन्या पंख्याच्या भोकाशी तो तंतोतंत जुळायला हवा. निळा रंग लावायचा, पंखा बसवायचा, काढायचा आणि रंग कुठं पुसला गेला ते बघायचं. पहिल्यांदा फक्त जाड टोकाकडं लागत होतं. घासून घासून पाचव्या वेळेला निळाई सगळीकडं सारखी पसरली. चावीच्या खाचेचे कोपरे मी मुद्दाम किंचित गोल ठेवले, कारण जुनी भेग तीक्ष्ण कोपऱ्यातूनच निघाली होती. पाती गरम करून लाकडी ठोकळ्यावर सरळ केली. त्यांच्यावरही लाल-पांढरा फवारा मारला, तिथं काही निघालं नाही. मग पंखा आडव्या दांड्यावर टांगला. जड पातं आपोआप खाली येत होतं, ते कानशीनं उतरवत गेलो. कुठल्याही पात्यावर सोडला तरी पंखा जागेवर थांबतोय हे बघितलं आणि शटर ओढलं, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

रविवारी सामान घेऊन निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, पुढं कंदरच्या केळीच्या बागा. बोट ट्रॅक्टरनं ओढून काठावर घेतलेली होती. नळीतला रबरी बुश एका बाजूनं झिजून लांबट झाला होता. तो बदलला. या बुशाला वंगण लागत नाही, त्याच्या खाचांतून फिरणारं पाणीच त्याचं वंगण. ग्लँडमध्ये दोरीचे चार नवे वेढे घातले, प्रत्येकाचा सांधा वेगळ्या बाजूला ठेवून. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या कापडावर ओतलं आणि चुंबक फिरवलं. बारीक करडी भुकटी निघाली, कण किंवा तुकडे नव्हते. तेवढ्यानं जीव हलका झाला.

मग बोट पुन्हा पाण्यात सोडायला सांगितली. मालक म्हणाले, "अजून कपलिंग जोडायचं राहिलंय की!" ते पाण्यातच जोडायचं असतं. काठावर टेकलेल्या बोटीचा आकार वेगळा आणि तरंगणाऱ्या बोटीचा वेगळा. कोरड्यात जुळवलेलं पाण्यात बिघडतं. बोट तरंगल्यावर कपलिंगची दोन तोंडं समोरासमोर आणून चार जागी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पोलादी पानं, घातली. वर पान जात नव्हतं आणि खाली ०.४५ गेलं. १०० मिलिमीटरच्या कपलिंगला ०.१ च्या वर मी सोडत नाही. इंजिनाच्या पायाचे दोन बोल्ट ठोकरीनं ढिले झाले होते आणि पाय जागेवरून सरकला होता. पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालत, आवळत, पुन्हा मोजत दोन तास गेले. शेवटी चारही जागी ०.०८ च्या आत आलं.

हे चालू असताना एक म्हातारे आबा काठावर येऊन बसले होते. मालकांनी ठोकरीची जागा हातानं दाखवली, तसे ते उठलेच.

"ती आमची विहीर हाय. मोटंची. तुमच्या पंख्याला थारोळ्याचा दगुड लागला."

थारोळं म्हणजे वर आलेली मोट जिथं रिती होते ते दगडी कुंड. धरण १९८० ला झालं, तेव्हा आबा तरणे होते. जमीन गेली, गाव वर सरकलं. विहीर पाण्याखाली तशीच राहिली.

ते आमच्याबरोबर बोटीत बसले. इंजिन चालू केलं. मी फळीवर तळहात टेकून बसलो. थरथर नव्हती. वेग वाढवला तरी नव्हती. ग्लँडशी वाकून घड्याळ लावलं, मिनिटाला तीन थेंब. तेवढे हवेतच, नाहीतर दोरी जळते. मालकांचा हात नट आवळायला पुढं आला, मी तो धरला.

आबा मात्र डोळ्यावर हात धरून लांब बघत होते. डाव्या अंगाला एका टेकडीचा सुळका, उजवीकडं वस्तीवरचं चिंचेचं झाड. त्यांनी दोन्हींचा मेळ बसवला आणि इंजिन बंद करायला लावलं. बोट गतीनं थोडी पुढं सरकली. मालकांनी बांबू खाली घातला, चिखलात गेला.

"दोन हात डावीकडं," आबा म्हणाले. "तिकडं बैलाची धाव व्हती. तुम्ही धावंवर हाय."

धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून चालायचे ती वाट. वल्ह्यानं बोट सरकवली. बांबू पुन्हा खाली गेला आणि हातभर पाण्यातच दगडावर खणकन वाजला. मालकांनी तिथं दोरीला धोंडा बांधून सोडला आणि दोरीच्या वरच्या टोकाला तेलाचा रिकामा पांढरा कॅन बांधला. आबा काठाला लागेपर्यंत मान वळवून त्या कॅनकडं बघत होते.