हंगामाच्या सुरुवातीचा नर एल्क: वारा, सावली, पाणी

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात नर एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, आरोळ्या देत माद्यांमागे धावतो. शिकारीचे बहुतेक व्हिडिओ याच दिवसांतले असतात. ऑगस्टअखेर ते साधारण 10 सप्टेंबर या काळातला नर मात्र निराळा असतो. शिंगांवरची मखमली कातडी ऑगस्टमध्ये गळून गेलेली असते, नरांच्या टोळ्या फुटू लागलेल्या असतात, पण माज अजून चढलेला नसतो. माज येतो तो दिवस लहान होत जातो त्यानुसार, त्यामुळे थंडीची एखादी लाट आली म्हणून तो दहा दिवस आधी येत नाही. तीनशे किलोच्या आसपासच्या या जनावराचा दिवस ठरतो तो चारा, पाणी आणि सावली यांवर. म्हणून या काळात धनुष्यबाणाने शिकार करताना एल्कच्या आवाजात हाका मारत रान तुडवण्यापेक्षा त्याची रोजची वाट शोधावी, असं आमचं ठाम मत आहे.

शोध दुर्बिणीने करायचा, पायांनी नाही. कोलोरॅडो राज्यात झाडांची हद्द 3,400 ते 3,500 मीटरवर संपते. त्या हद्दीच्या आसपासची गवताळ कुरणं समोरच्या धारेवरून, एक-दीड किलोमीटर अंतर राखून, उजाडताच न्याहाळायची. नर चरताना दिसला की खूश होऊन लगेच निघू नका. तो कोणत्या ठिकाणी झाडीत शिरतो ते पाहणं जास्त मोलाचं. दिवसाची बसण्याची जागा बहुधा उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट सूचिपर्णी जंगलात, एखाद्या अरुंद माचीवर असते. नकाशावर उत्तर उताराच्या जवळजवळ आलेल्या उंचीच्या रेषा मध्येच फाकल्या की ती माची समजावी. जवळपास झरा असेल तर उत्तमच. झाडावर शिंगं घासल्याची ताजी खूण असेल तर डिंक अजून ओला असतो. या दिवसांत हिरव्या चाऱ्यामुळे एल्कची विष्ठा गाईच्या शेणासारखी मऊ पडते, त्यामुळे फक्त सुट्या लेंड्या शोधणारा ताजी खूण ओलांडून पुढे जातो.

आता वारा. बहुतेक संधी इथेच वाया जातात. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि नर चरून वर बसायला जातो, म्हणजे तो वाऱ्याला तोंड देऊन चालतो. त्याच्या मागून खालच्या बाजूने जाणाऱ्याला तेव्हा वारा साथ देतो. पण उतारावर ऊन पडून तो तापला, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, की हवा उलटून वर चढू लागते आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचा वास थेट नराच्या नाकात जातो. हे उलटणं सुरू होण्याआधीच आडव्या वाटेने त्याच्या उंचीवर किंवा वर पोहोचा, नाहीतर माघार घ्या. उलटण्याच्या अर्ध्या-एक तासात वारा गोल फिरतो, तेव्हा हालचालच नको. दुपारी बसलेल्या नराकडे वरून उतरावं. संध्याकाळी मात्र सूर्यास्ताची वाट पाहू नका: उतारावर सावली पडली की तेवढ्यातच हवा खाली सरकू लागते. अरुंद ओढ्याच्या तळाशी वारा दिवसभर भरवशाचा नसतो, आणि ढगाळ दिवशी चढ-उताराचा हा खेळ मंदावून वरचा मोठा वारा हुकूम चालवतो. पुडीतली पावडर दर काही मिनिटांनी उडवून पाहायची, चेहऱ्याला काय जाणवतं यावर विसंबायचं नाही.

उन्हाच्या दिवसांत चिखलाची लोळण, म्हणजे नर अंग लडबडवतो ते डबकं, हीही कामाची. पाणी गढूळ, कडेच्या खोडांवर ओला चिखल आणि उग्र दर्प, अशी लोळण वापरात असते. दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत 20-25 मीटरवर मचाणावर किंवा आडोशाला बसा. वारा चुकीचा असेल त्या दिवशी तिथे फिरकूही नका. एकदा वास लागला की ती जागा बरेच दिवस सुनी पडते.

हाक मारायचीच तर मादीची, हळू आणि थोडी. आव्हानाची मोठी आरोळी ऐकून या दिवसांतला नर अनेकदा काढता पाय घेतो. पहाटे अंधारात धारेवरून एक आरोळी देऊन उत्तर कुठून येतं ते ऐकणं ठीक, त्यानंतर तोंड बंद. वाळक्या फांदीने खोड खरवडणं बऱ्याचदा हाकेहून चांगलं चालतं. नर न ओरडता येतो आणि वास घ्यायला वारा जिकडे जातो त्या बाजूने वळसा घालतो. म्हणून धनुर्धाऱ्याने हाक देणाऱ्याच्या 40-50 मीटर पुढे आणि त्याच वळशाच्या बाजूला बसावं. काही ऐकू आलं नाही तरी अर्धा तास उठू नये.

कोलोरॅडोत बहुतेक भागांत एका शिंगाला किमान 4 टोकं किंवा 5 इंचांचं कपाळटोक (कपाळाजवळचं टोक) नसेल तर नर मारता येत नाही, तेव्हा बाण लावण्याआधी शिंगं मोजा. नर आडवा किंवा आपल्यापासून थोडा पलीकडे वळलेला असावा. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वरच्या कडेला नेम. फुफ्फुसाचा फेसाळ, लाल रक्ताचा माग दिसला तरी अर्धा तास थांबा. गडद रक्त यकृताचं, तिथे चार ते सहा तास. पोटातला हिरवट ऐवज बाणाला असेल तर आठ तासांहून अधिक, मग ऊन कितीही असो; घाईने उठवलेलं जनावर पुष्कळदा सापडतच नाही.

मांसाची तयारी बाण सोडण्याआधीच हवी, कारण या काळात दुपारचं तापमान 25 अंशांवर जाऊ शकतं. मोठ्या नराचं हाडाविना मांस 90 ते 110 किलो भरतं, म्हणजे एकट्या माणसाला चार फेऱ्या. तेवढं वाहता येणार नसेल तर खोल दरीत बाण सोडूच नये. कातडं लगेच उतरवा, कारण उष्णता तेच धरून ठेवतं. पोट न फाडता चारही पाय वेगळे करता येतात. मागच्या पायाचं मांस हाडालगत सगळ्यात आधी आंबतं, म्हणून तिथे हाडापर्यंत चीर द्या, आणि जनावर नर की मादी याचा पुरावा त्या राज्याच्या नियमाप्रमाणे मांसाला राहू द्या. हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत, शक्यतो ओढ्याच्या काठी टांगा, आणि पहिल्या फेरीत मागचे पायच न्या. मोंटाना आणि वायोमिंगच्या ग्रिझली अस्वलं असलेल्या भागांत मांस आतड्यांपासून शंभर मीटर लांब, दुरून दिसेल असं टांगा; दुसऱ्या फेरीला अस्वलाला पळवायचा स्प्रे हातात घेऊन, आवाज करत, आधी दुर्बिणीने पाहून मगच जवळ जा.