उसनवार फॉरमॅट नवीन

माझं दुकान एसटी स्टँडसमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या बऱ्याच. दिवाळी झाली की त्या ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्यामुळे मे महिन्यात एका ठरावीक कागदाला गिऱ्हाईक वाढतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तो 'उसनवार फॉरमॅट नवीन' या नावाने पडलेला असतो. नाव बदलायचं, रक्कम बदलायची, प्रिंट काढायची. तीस रुपये. सहा वर्षं मी तो छापत होतो आणि एकदाही नीट वाचला नव्हता. टाइप करणाऱ्याचं लक्ष फक्त रिकाम्या जागांवर असतं.

त्या दिवशी मुकादमाचा फोन आला. "एक जोडपं पाठवलंय. चौदा हजार टाक. दोघांचे अंगठे. मी जेवून येतो."

मामा, मामी आणि सहावी-सातवीतली वाटावी अशी मुलगी. मामा बाहेर पायरीवरच बसले. मुलगी मात्र थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि स्क्रीनवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लागली. "घरगुती अडचणीसाठी... रुपये चौदा हजार... हातउसने घेतले असून... येत्या दिवाळीपासून भट्टीवर काम करून फेडीन. मध्येच काम सोडून गेल्यास दुप्पट रक्कम..." तिथे ती थांबली. "आये, चौदा हजार कुटं घेतले आपण?"

मामी म्हणाली, "ते बाकीचं हाय गं. शेठचा हिशोब."

मुलीने पिशवीतून मराठी विषयाची वही काढली. पुढची वीसेक पानं धड्यांची, मग शाळा सुटलेली दिसत होती. मागच्या बाजूने रोजच्या विटा. शंभराला एक रेघ, पाच रेघा झाल्या की आडवी काट. आठवड्याच्या शेवटी बेरीज आणि शेजारी 'खर्ची १०००', म्हणजे आठवड्याच्या खर्चाला शेठने दिलेली उचल. एका पानावर तिने विटेच्या साच्यातली दोन अक्षरं मोठ्ठी काढून रंगवली होती. अभ्यास म्हणून असेल.

मी कॅल्क्युलेटर घेतला. बयाणा गणपतीच्या आधी उचललेला, २०,०००. खर्ची २६ आठवड्यांची, २६,०००. मामींना ताप आला तेव्हा दवाखान्याचे ३,०००. एकूण ४९,०००. विटा पाडायचा दर हजाराला ७००. वहीतल्या रेघांची बेरीज आली १,०८,५००. म्हणजे मजुरी ७५,९५०. वजा जाता शेठकडूनच २६,९५० रुपये यायला हवेत.

मी दोनदा केलं. मग मामांना विचारलं, शेठने विटा किती धरल्या? ते म्हणाले, "चौसष्ट हजार बोलला. त्यातनं चौदा अवकाळीत भिजल्या म्हनून काटल्या." पन्नास हजारांचे होतात ३५,०००. बाकी बरोब्बर चौदा हजार. शेठची वजाबाकी चोख होती, फक्त विटा अर्ध्याहून कमी होत्या.

बारावी कॉमर्सवाल्या माणसाला या हिशोबाला दहा मिनिटं लागली.

मुकादमाचा परत फोन. "काढलास का?" मी म्हटलं, "लाईट गेलीये." डोक्यावर पंखा फिरत होता. मुलगी पंख्याकडे बघून हसली. मे महिन्यात हे खोटं कुणालाही पटतं.

माझा एक शाळेतला मित्र आदिवासींच्या संघटनेत काम करतो. त्याच्याशी फारसं पटत नाही, तो चहा प्यायलाही मोर्च्याला आल्यासारखा येतो. पण त्यालाच फोन लावला. कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "'काम करून फेडीन' असं लिहिलंय? अरे, मग पुरावा तूच छापतोयस." १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचं, म्हणजे माणसाला कामाला बांधून ठेवणारं, कर्ज मुळातच रद्द झालेलं आहे, ते वसूल करता येत नाही. आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर नसते, पैसे देणाऱ्यावर असते. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीदेखील सक्तीची मजुरीच, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलेलं आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा आणि पोच घ्यायची, हे त्याने तीनदा सांगितलं.

मामांना विचारलं, करायचा का अर्ज? ते बराच वेळ बोलले नाहीत. "पुढल्या साली बयाना कोन देल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मामी म्हणाली, "पोरीनं लिवलंय ते खोटं हाय का?" आणि पुढे झाली. शाईचं पॅड तेच, अंगठा तोच. कागद फक्त मी नव्याने टाइप केला होता. वहीच्या झेरॉक्स जोडल्या. वही मुलीने परत मागून घेतली, पुढची पानं कोरी आहेत म्हणाली.

घरी गेलो तर पाण्याचं पिंप नजरेला पडलं. घर बांधताना उरलेल्या विटांवर ते ठेवलंय. एक वीट उलटून पाहिली. तीच दोन अक्षरं. मी ९,००० विटा घेतल्या होत्या आणि हजारामागे ३०० रुपये पाडून घेतले होते. २,७०० वाचले म्हणून बायकोला कौतुकाने सांगितलेलंही आठवतं. जोडप्याच्या पाच-सहा दिवसांच्या कामाचे पैसे ते.

रात्री दुकान उघडून फोल्डर बघितला. त्या एका फॉरमॅटच्या ४१ फायली. ४१ नावं, ४१ रकमा. त्या मित्राला द्यायच्या की नाही यात माझे दोन दिवस गेले, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकाचा कागद बाहेर द्यायचा नसतो, असं स्वतःला बजावत होतो. मग लक्षात आलं की पैसे मुकादमाने दिले असले तरी नावं आणि अंगठे त्याचे नव्हते. पेन ड्राइव्ह देऊन आलो. मुकादम आता स्टँडच्या पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. त्या पोरालाही एकदा चहाला बोलावून तो कागद मोठ्याने वाचायला लावला. त्याने अजून काही कळवलेलं नाही.

मामांच्या अर्जावर प्रांत कार्यालयात जबाब झाले, शेठला नोटीस गेली. वेठबिगारीतून सुटल्याचा, म्हणजे मुक्तीचा दाखला अजून हातात पडलेला नाही. मुलीचं नाव आश्रमशाळेत परत घालायला मित्राच्या संघटनेतल्या एक ताई गेल्या होत्या, ते झालं.

रविवारी मित्र आणि मी वाड्यांवर जातो. तो बोलतो, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. परवा यादीतल्या सतराव्या नावाच्या घरी गेलो. बाईंकडे वही नव्हती. रोजच्या विटांच्या रेघा त्यांनी भट्टीवरच्या खोपटाच्या भिंतीवर कोळशाने ओढल्या होत्या. खोपटं तिथल्याच विटांची, माती न लावता नुसती रचलेली. हंगाम संपला तसं शेठने ते मोडलं आणि त्या विटाही ट्रकमध्ये भरल्या.