तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे स्विमिंग पूल का नाही

फोनवरचा पहिला प्रश्न खोलीच्या दराचा, दुसरा हा. ‘नाही’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: ‘अहो, वाळवंटात तर पूल हवाच!’ मी मराठीत बोलते म्हणून पुण्या-मुंबईचे पाहुणे जरा हक्काने विचारतात, आणि मीही इतकी वर्षं ‘इथे पाणी कमी आहे हो’ एवढ्यावर भागवत आले. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे.

आधी एक स्पष्ट सांगते. आम्ही कंजूष नाही. पाहुण्यांना आंघोळीला बादली-बादली मोजून कुणी देत नाही. आणि पोहण्याचं सुख मला कळत नाही असंही समजू नका. मी कोल्हापूरची; पंचगंगेत पोहायला शिकले. लग्न होऊन राजस्थानात, जोधपूरकडच्या ओसियांजवळच्या या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आले आणि शेताच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा पूल हवा म्हणून नवऱ्याशी भांडले ती मीच. ‘पाहुणे पैसे मोजतात, त्यांना जे हवं ते द्यायला नको का?’ हे माझंच वाक्य होतं. आजही ते मला पूर्ण खोडता येत नाही.

आकडे मांडून पाहिले. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, खोली १.४ मीटर धरली तरी ७० हजार लिटर पाणी लागतं. मे महिन्यात इथे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण सेंटिमीटरभर उतरते, म्हणजे रोजचं ५०० लिटर नुसतं हवेत. आमचा टांका, म्हणजे पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी, २५ हजार लिटरचा. त्यावर घर चालतं, चार खोल्याही चालतात. पाऊस वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास. गगनबावड्याला जोर धरला तर तेवढा दोन-तीन दिवसांत पडून जातो.

हे सगळं मी एकदा नाशिककडच्या एका द्राक्षबागायतदार पाहुण्यांना सांगत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘वहिनी, पूल टांक्यातून थोडाच भरणार? ट्यूबवेलनेच भरणार ना? मग जिऱ्याला किती पाणी देता?’ बाजरी, मटकी, मूग, गवार आमच्याकडे पावसावर येतात. जिरं मात्र हिवाळ्यात ट्यूबवेलवर. चार-पाच पाळ्या द्याव्या लागतात. हेक्टरी वीस लाख लिटरच्या घरात जातं. त्यापुढे ७० हजार काहीच नाही. ट्यूबवेलचं पाणी दरसाल खोल चाललंय, आणि ते पूल न बांधल्याने थांबणार नाही, हेही खरं. त्या दिवशी मी चहा आणायचं निमित्त करून उठले. जिऱ्यावर घर चालतं एवढंच माझ्याकडे उत्तर होतं, आणि पूल असता तर त्यावरही चाललंच असतं.

म्हणजे प्रश्न लिटरचा नाही. तो कशाचा आहे, हे त्या आषाढातल्या रात्रीपासून मला ठाऊक आहे.

टांक्याभोवती उतरती, चोपून घट्ट केलेली जमीन असते, तिला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी तिच्यावरूनच टांक्यात उतरतं. पावसाआधी सासूबाई आगोर झाडून घेतात, काट्यांचं कुंपण नीट करतात. त्यावर कुणी चपला घालून जात नाही, शेळी चढली तर लहान पोरंही धावतात. पाहुण्यांना आल्याआल्या हे सांगितलं जातं. त्या दिवशी एक मोठा ग्रुप वाढदिवसाला आला होता, त्यांनाही सांगितलं होतं. संध्याकाळी आम्ही नात्यातल्या लग्नाला गेलो. घरी गडी आणि सासूबाई. अंधार पडल्यावर त्या मंडळींनी खुर्च्या आगोरावर मांडल्या. सपाट, स्वच्छ जागा तीच होती. गडी नको म्हणाला, त्याला झिडकारलं. सासूबाईंचं मारवाडी त्यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आम्ही परतलो तेव्हा ते सगळे झोपले होते आणि आगोरावर बाटल्या, काचा, मटणाची हाडं, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी ओकारी.

तेवढ्यात वीज कडाडली. वर्षाचा पहिला पाऊस.

पहिली सर तशीही आम्ही बाहेर वळवतो, आगोर धुऊन निघावं म्हणून. पण त्या रात्री तो थांबेना. टांक्यात गेल्या वर्षीचं हातभर पाणी शिल्लक होतं, ते वाचवायचं होतं. सासूबाईंनी टांक्याच्या तोंडांत पोती कोंबली, वरून वाळू दाबली. एका तोंडाला पोतं पुरेना, तेव्हा स्वतःची गोदडी आणून बसवली आणि तिच्यावर पाठ टेकून चिखलात बसल्या. आम्ही फावड्याने पाणी शेताकडे काढून देत होतो. सगळा मारवाड ज्याची वाट पाहतो, तो पाऊस आम्ही दारातून परत पाठवत होतो. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. इकडे एक म्हण आहे: ‘घी ढुळ्यां म्हारो कीं नीं जासी, पाणी ढुळ्यां म्हारो जी बळै.’ तूप सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. ती मी आधी शंभरदा ऐकली असेल. त्या रात्री मी सासूबाईंकडे बघू शकत नव्हते.

सकाळी ग्रुपमधले एक गृहस्थ म्हणाले, ‘टँकर मागवा ना, पैसे आम्ही देतो.’ नवऱ्याने पैसे घेतले. टँकरही त्याच पैशांत आला, कारण पुढचा दमदार पाऊस बऱ्याच उशिराने झाला. सासूबाईंनी त्या मंडळींना नेहमीसारखा बाजरीचा रोटला आणि ताक वाढलं. मला ते आजही पटत नाही. त्या म्हणतात, बींदणी (सूनबाई), पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही.

तेव्हापासून पूल म्हटलं की ती पैशांची गोष्ट डोळ्यांपुढे येते. ज्या अंगणात एक बाई पाण्यासाठी रात्रभर चिखलात बसते, तिथेच दहा पावलांवर पाण्यात पाय सोडून कुणी फोटो काढतंय, हे मला बघवणार नाही. यात गणित नाही हे मला मान्य आहे. आणि त्या ग्रुपमुळे तुम्हा सगळ्यांना शिक्षा कशाला, असं कुणी म्हटलं तर तेही बरोबर आहे.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. इथून जवळच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलंय. उन्हाळ्यात पूल नसलेल्या घरी कोण येणार? आमच्या चार खोल्या मार्चनंतर बहुतेक बंदच असतात. पूल असेल तर गड्यालाही बारमाही काम मिळेल. मुलीचं मत बापासारखंच. तिला पोहायला शिकायचंय, आणि ते मी तिला शिकवू शकले नाही याचं मला वाईट वाटतं. जोधपूरच्या एका ठेकेदाराचं कोटेशन आमच्या कपाटात आहे. दर दिवाळीच्या बुकिंगचा हिशेब झाला की नवरा ते बाहेर काढतो आणि आमचं पुन्हा भांडण होतं. या दिवाळीलाही होईल.