बाळंतपण कुठे करायचं? नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगलीच आहे. पण माहेर लहान गावात असेल तर डिंकाच्या लाडवांआधी तिथल्या दवाखान्याची चौकशी करा. जायचंच असेल तर चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जा, म्हणजे नव्या डॉक्टरांना दोन-तीनदा तरी तपासता येईल.

खोली एसी आहे का, हे नंतर. रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्तपेढी किती लांब आहे? बाळ कमी दिवसांचं झालं तर काचेच्या पेटीची सोय इथेच आहे की दुसरीकडे हलवावं लागेल? ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर दुसरं रुग्णालय शोधा. बाळंतिणीला जास्त रक्तस्राव होऊ लागला की एकेक मिनिट मोलाचं असतं.

सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. त्या गाडीसाठीचा १०२ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने ठळक लिहा. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर आईला अँटी-डीचं (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे धोका होऊ नये म्हणून असलेलं) इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. ते तिथे मिळतं का, हे आधीच विचारून ठेवा.

अंगावरून पाणी गेलं, म्हणजे गर्भाची पाणपिशवी फुटली, तर कळांची वाट बघत घरी थांबू नका. वेळ लिहा, पॅडवरचा रंग बघा आणि निघा. हिरवट किंवा लालसर दिसलं तर निघतानाच रुग्णालयाला फोन करून तसं सांगा.