परतीचे विमान सोमवारी दुपारी: मँचेस्टर आणि ओव्हलच्या कसोटी सहलीचा वृत्तांत

ठाण्यातील गोखले रस्त्यावरच्या एका प्रवास व्यवस्थापकाकडून आम्ही पाच जणांनी जी सहल घेतली, तिच्या माहितीपत्रकावर 'दोन कसोटी सामने, दहाही दिवसांची तिकिटे' असे ठळक छापलेले होते. परतीचे विमान सोमवार, ४ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी एक वाजता लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून सुटेल, हे मागील बाजूस बारीक अक्षरांत होते. लंडनमधल्या ओव्हल मैदानावरील कसोटीचा पाचवा दिवस तोच होता. पैसे भरताना मी विचारले, तेव्हा "अहो साहेब, आजकाल कसोटी पाचव्या दिवसापर्यंत जाते कुठे?" असे उत्तर मिळाले आणि आम्हीही मान डोलावली. भारत-इंग्लंडच्या त्या मालिकेतील पाचही कसोट्या पाचव्या दिवसापर्यंत गेल्या, हे जाणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

मँचेस्टरबद्दल थोडक्यात सांगतो. 'मैदानापासून दहा मिनिटांवर' असलेले हॉटेल रिकाम्या रस्त्यावर मोटारीने तेवढ्या अंतरावर असेलही. आम्हाला बस आणि ट्राम मिळून रोज पाऊण तास लागे. ट्रामचा ओल्ड ट्रॅफर्ड हा थांबा मात्र मैदानाला लागूनच आहे, त्यामुळे हॉटेल ट्रामच्या मार्गावरच घ्यावे. जुलै महिना असला तरी जाकीट हवेच. पहिल्या डावात शार्दुल ठाकूरने ४१ धावा केल्या, तेव्हा आमच्या रांगेतून "आपला पालघरचा!" अशी आरोळी उठली. (पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, त्यामुळे हा हक्क आम्ही अजून सोडलेला नाही.) ३११ धावांच्या पिछाडीनंतर दुसऱ्या डावात शून्यावर दोन बळी गेलेले असताना गिल, जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्या शतकांनी सामना अनिर्णित राखला. ही तिन्ही शतके पाचव्या दिवशी, व्यवस्थापकाच्या मते ज्या दिवशी खेळ नसतो त्या दिवशी पूर्ण झाली. दोन कसोट्यांमधले तीन दिवस छान गेले.

खरा त्रास रविवारी, ३ ऑगस्टच्या संध्याकाळी सुरू झाला. ओव्हलवर ३७४ धावांचा पाठलाग करताना इंग्लंडच्या ब्रुक आणि रूट यांच्या शतकांनी सामना जवळजवळ संपवला होता, पण ते दोघे बाद झाले आणि इंग्लंड ६ बाद ३३९ वर असताना अंधुक प्रकाश आणि पावसाने खेळ थांबला. पस्तीस धावा आणि चार बळी बाकी होते. ओव्हलहून व्हॉक्सहॉल स्थानकाकडे भिजत चालता चालता मी व्यवस्थापकाला फोन लावला. ठाण्यात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्याच सोमवारच्या रात्रीच्या विमानात जागा बदलून देण्यासाठी त्याने माणशी ५८,००० रुपये सांगितले. विमान कंपनीच्या मदत क्रमांकावर चौकशी केली, तर बदलाचे शुल्क आणि भाड्यातील फरक मिळून ३४,००० होत होते. परंतु आमची तिकिटे गटाची असल्यामुळे बदल व्यवस्थापकामार्फतच करता येईल, असे तेथून सांगण्यात आले. म्हणजे एका फोनचे माणशी चोवीस हजार. याला लूट हाच शब्द आहे. मी आणि माझे मेहुणे यांनी ते पैसे दिले. उरलेल्या तिघांनी, त्यांत आमचे शेजारी अण्णा होते, नकार दिला, आणि त्या रात्री तरी त्यांचाच निर्णय मला शहाणपणाचा वाटला होता.

सोमवारी सकाळी ते तिघे बॅगा घेऊन हीथ्रोकडे निघाले आणि आम्ही आमच्या बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून मैदान गाठले, कारण मोठी बॅग आत नेता येत नाही. खेळ अकराला सुरू होतो, पण तपासणीच्या रांगेमुळे दहाच्या सुमारास पोहोचणे बरे. प्रसिध कृष्णाच्या पहिल्या दोन्ही चेंडूंवर ओव्हर्टनने चौकार मारले, तेव्हा मेहुण्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. त्यानंतर सिराजने स्मिथ आणि ओव्हर्टनला बाद केले, प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला आणि निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरमध्ये बांधून वोक्स मैदानात उतरला, तेव्हा आमच्या बाजूचे लोकही उभे राहून टाळ्या वाजवत होते. अ‍ॅटकिन्सनचा एक षटकार आकाश दीपच्या हातांवरून सीमेपार गेला. शेवटी सिराजच्या यॉर्करने त्याची यष्टी उडवली आणि भारताने सहा धावांनी जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. बारा वाजण्यापूर्वी सारे आटोपले होते. एकूण ५३ चेंडू टाकले गेले, म्हणजे मला प्रत्येक चेंडू सुमारे अकराशे रुपयांना पडला, आणि तो हिशेब मांडतानाही मी वेड्यासारखा हसत होतो. अण्णांनी हीच यष्टी विमानतळाच्या प्रतीक्षा कक्षात, मोबाइलवर, अर्ध्या मिनिटाच्या विलंबाने उडताना पाहिली.

त्यामुळे पुढे जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की, परतीचे विमान पाचव्या दिवशी रात्रीचे किंवा त्याच्या पुढच्या दिवशीचे असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, तेव्हा एक दिवस वाढल्याने कागदपत्रांत अडचण येत नाही. सामन्याची तिकिटे आणि मुक्काम व्यवस्थापकाकडून घ्यावेत, पण विमान स्वतः आरक्षित करावे. गटाच्या तिकिटात वाचणारे चार-पाच हजार अशा एका संध्याकाळी कितीतरी पटींनी वसूल होतात. गटानेच जायचे असेल, तर तारीख बदलण्याचे शुल्क किती आणि त्यावर व्यवस्थापक स्वतःचे किती घेणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. मी परतल्यावर चोवीस हजारांचा हिशेब मागितला, तेव्हा मला चहा आणि पुढील दौऱ्याचे माहितीपत्रक मिळाले. हिशेब अजून मिळालेला नाही.