आमची वाटचाल : सगळे हसले तरी ४८५ वरच राहिलो

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा एक सेकंडहँड सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र), एक सोल्डरिंग गन आणि ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपचा प्रोग्रॅमर एवढंच होतं. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर बनवायचो, आजही तेच बनवतो. चांगली वर्षं सांगण्यासारखी नसतात, म्हणून गाळ्याला कुलूप लागता लागता राहिलं ते वर्ष सांगतो.

एका मोठ्या पार्टीला सगळ्या चेंबरचं टेंपरेचर ऑफिसात हवं होतं. आम्ही कोट केलं ४८५, म्हणजे लांबवर दोन तारांतून डेटा नेणारी आरएस-४८५ लाइन, तिच्यावर मॉडबस आरटीयू (सवाल-जवाबाचा ठरलेला प्रोटोकॉल), ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. दुसऱ्या एकाने (नाव घेत नाही, लाइनमधल्यांना माहितीये) सेन्सर थेट आयटूसीवर (चिपांना आपसात जोडणारी बस, एक तार डेटाची, एक ताल देणाऱ्या क्लॉकची) लांब केबलने ओढायचं ठरवलं आणि पार्टीच्या डोक्यात भरवलं की यांचं असिंक्रोनस, क्लॉकच नाही, जुनाट, आमचं सिंक्रोनस, १०० किलोहर्ट्झ, दसपट फास्ट. ऑर्डर त्याला. अहो, एक रजिस्टर, म्हणजे एक टेंपरेचर, वाचायला जाऊन-येऊन १५ बाइट, गॅप धरून पंचवीसेक मिलिसेकंद, चेंबर काय तेवढ्यात तापतो का! वर आमचं जुनं पेमेंटही अडकवलं, भागीदार नोकरीला लागला, मी पतसंस्थेचं कर्ज काढून पगार केले.

तगलो ते पिंपळगावच्या अण्णांमुळे. पहिला कंट्रोलर त्यांनीच घेतलेला. म्हणाले, "तुझं डबडं दिसायला वंगाळ आहे, पण रात्री झोपू देतं," आणि दुसऱ्या स्टोरेजचे सगळे पैसे आधीच हातावर ठेवले.

पुढच्या सीझनला त्याच पार्टीच्या ऑपरेटरचा फोन, कंप्रेसर सुरू झाला की सगळे डिस्प्ले फ्रीझ. गेलो, सीआरओ लावला, तर क्लॉकची कडा उभी चढायच्या ऐवजी कसारा घाटातल्या ट्रकसारखी चढत होती. आयटूसी बसला ४०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची मर्यादा (तार लांब तसा तो वाढतो आणि कडा आळसावते), तेवढी ही केबल कधीच खाऊन बसलेली, त्यात कंप्रेसरचा स्पाइक एखादा फुकटचा क्लॉक पाडतो, स्लेव्ह (इथे सेन्सर) एसडीए ही डेटाची तार खाली धरून बसतो, बस लटकली. ४८५ मधे नॉइज दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो आणि रिसीव्हर फक्त फरक बघतो, बाइट बिघडलाच तर सीआरसी (मेसेजच्या शेवटची तपासणी) तो मेसेजच फेकून देतो, पुढच्या पोलला, म्हणजे पुढच्या विचारणीला, गाडी रुळावर. जुनं पेमेंट आधी खात्यात घेतलं, मग आमचं ४८५ बसवलं. आता तोच गृहस्थ प्रदर्शनात ४८५ 'आमची टेक्नॉलॉजी' म्हणून विकतो, चालू द्या.

नवीन पोरांना, विचारलं नसलं तरी सांगतो. बोर्डाच्या आत एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), फ्लॅश मेमरी, डिस्प्ले बिनधास्त एसपीआय (आयटूसीसारखीच क्लॉकवाली बस) नाहीतर आयटूसीवर टाका, तिथे क्लॉकची तार वीतभरसुद्धा नसते. केबल बोर्डाबाहेर पडली की असिंक्रोनस, आणि तेही डिफरन्शियल, दोन तारांतला फरक बघणारं. ८०५१ ला क्रिस्टल (चिपला ताल देणारा) ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच घ्या, १२ मेगाहर्ट्झवर टायमरला ९६०० मागाल तर १०४१७ मिळतील, साडेआठ टक्के चूक, स्टॉप बिट येईपर्यंत सॅम्पल भलत्याच बिटात पडतं. आणि १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर फक्त ४८५ च्या केबलच्या दोन टोकांना, आमचे वायरमन अजून प्रत्येक कार्डावर ठोकतात आणि मग मला फोन करतात की शेवटचा चेंबर दिसत नाही.