पांढरं फुलपाखरू पांढऱ्या कागदावर: माझा अनुभव

कॉमन एमिग्रंट, ग्रास यलो आणि हळदीकुंकू (कॉमन जेझेबेल) ही पायरिडी कुळातली तीन फुलपाखरं मी संग्रहातल्या नमुन्यांवरून एकाच पानावर जलरंगात केली. रंग जेमतेम चार, तरी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पांढऱ्याने.

नमुना पेटीतून काढण्याआधी टाचणीखालची चिठ्ठी उतरवून घ्यायची: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तारीख चित्रासाठीच लागते. ग्रास यलोच्या कोरड्या ऋतूतल्या रूपात पंखांच्या खालच्या बाजूचे तपकिरी डाग पावसाळी रूपापेक्षा ठळक असतात. एमिग्रंटची गंमत वेगळी. जात एकच, पण 'पोमोना' रूपाच्या मिशा लालसर, 'क्रोकाले'च्या काळ्या. 1775 मध्ये फॅब्रिशियस आणि क्रामर या कीटक-अभ्यासकांनी ही दोन रूपं वेगवेगळ्या नावांनी नोंदवली होती. त्यामुळे मिशांचा रंग अंदाजाने भरला की ओळखच चुकते.

टाचणी चिमट्याने धरायची, तीही फुलपाखराच्या खाली. पंखाला बोट लागलं की त्यावरचे भुकटीसारखे रंगीत खवले गेले. पंखाचं मूळ तेल लागलेल्या कागदासारखं काळपट, अर्धपारदर्शक दिसत असेल तर तो रंग नव्हे, शरीरातली चरबी पंखात उतरलेली असते. असा नमुना रंगासाठी बाद, आकारासाठी चालतो.

रेखाटन दुप्पट मापात. डिव्हायडरने पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत माप घेऊन मी एकच बाजू काढतो, शिरांसकट, आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी. फाटलेली बाजू मूळ म्हणून घेतली तर फाट दोन्हीकडे उमटते. बाजूने चित्र काढायचं असेल तर पाय सहाही पूर्ण वाढलेले दाखवायचे; पुढचे दोन आखूड असतात ते निम्फॅलिडी कुळात.

आता पांढरा. गुळगुळीत, 300 जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कागद घेतला आणि पंखाची जागा तशीच कोरी सोडली. सावलीसाठी कोबाल्ट ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा केला, इतका पातळ की ओला असताना जेमतेम दिसावा. तरीही पहिला हात गडद झाला आणि पंख मळकट दिसू लागला. दुसऱ्या वेळी सावली फक्त शिरांच्या कडेला आणि शरीराजवळ दिली, कडेबाहेर फिकट बदामी पार्श्वभूमी भरली, तेव्हा पंख उठून आला. चमक मात्र आणायची नाही. या कुळाच्या खवल्यांत टेरिन रंगद्रव्याचे बारीक कण असतात, ते प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून पंख खडूसारखा मॅट दिसतो. गम अरेबिक (जलरंगातला डिंक) जास्त झाला की पंख प्लास्टिकचा वाटतो.

वरून पांढरा लावावा लागलाच तर झिंक किंवा टायटॅनियमचा. जुन्या, हाताने रंगवलेल्या चित्रांत पांढऱ्या जागी काळपट डाग दिसतात ते बऱ्याचदा शिशाच्या पांढऱ्याचे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने तो काळवंडतो.

पिवळ्यात नेहमीची चूक म्हणजे काळ्याने सावली देणं. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा होतो. मी ग्रास यलोला लेमन यलोचे दोन पातळ हात दिले आणि सावलीला रॉ सिएनात कणभर जांभळा घातला.

हळदीकुंकवाची खालची बाजूच काढावी, सगळी मजा तिथे आहे. क्रम पिवळा, लाल, शेवटी काळ्या शिरा. पिवळा पूर्ण वाळायच्या आत कडेचे लाल ठिपके दिले तर ते पसरून नारिंगी होतात. पावसाळ्यात निदान तासभर थांबावं लागतं. शिरा 000 नंबरच्या ब्रशने, मुळाकडून कडेकडे, एका दमात.

चित्राखाली पेन्सिलीने जात, रूप, नर की मादी, वरची की खालची बाजू, मापाचं प्रमाण आणि नमुन्याचा क्रमांक लिहायचा. क्रमांक आधी, सही नंतर.